डेट-टाईमची लायब्ररी कधी बदलायची? आधी डेटाबेसमधले १८:३० मोजा

आपल्याकडे एका वयाच्या वरच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख लिहिली तीच दाखल्यावर आली आणि तीच पुढे पॅन, आधार, पेन्शन सगळीकडे चिकटली. अंधेरीला मी ज्या ऑफिसमध्ये होते तिथे पेन्शनर लोकांना छोटी कर्जं देणारं ॲप होतं आणि एके दिवशी सपोर्टच्या मॅडम दोन पानांची प्रिंटआउट घेऊन थेट माझ्या डेस्कपाशी आल्या. "अगं हे बघ, या सगळ्यांचा जन्म ३१ मेचा कसा? हे १ जूनवाले आहेत गं, मी स्वतः फोन करून विचारलंय." पॅनशी जन्मतारीख जुळत नव्हती म्हणून त्यांचं केवायसी अडकलेलं, आणि फोनवर ऐंशीच्या घरातले आजोबा माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून माफी मागत होते. ते ऐकून मला खरंच खूप वाईट वाटलं, कारण चूक आमची होती.

झालं काय होतं ते नीट बघा, कारण भारतात बसून कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतंच. फ्रंटएंडचा (युजरला दिसणाऱ्या भागाचा) डेटपिकर जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट देतो, म्हणजे १ जून १९६२ रात्री १२ वाजता, भारतीय वेळ. तो सर्व्हरकडे पाठवायच्या मजकुरात, म्हणजे जेसनमध्ये, जाताना यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) होतो, साडेपाच तास मागे, म्हणजे ३१ मे १९६२, १८:३०. बॅकएंडला (सर्व्हरच्या बाजूला) काही ओळींत ही वेळ तशीच साठली, काही ठिकाणी कुणीतरी त्या स्ट्रिंगचे पहिले दहा अक्षर कापून तारीख म्हणून ठेवले. संपलं. माणूस एक दिवस आधी जन्माला आला.

आता यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच आम्हालाही सुचला, साडेपाच तास मिळवा आणि मोकळे व्हा. केलं. दोन दिवस शांतता. मग परत तीच यादी, यावेळी छोटी, फक्त पाच-सहा जण, सगळे खूप म्हातारे. मी एकेक रेकॉर्ड उघडून बघत बसले तेव्हा दिसलं की यांची वेळ १८:३० नाहीच, १७:३० आहे. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे, आणि ब्राऊझर जो टाईमझोन डेटाबेस वापरतो त्यात हे व्यवस्थित नोंदवलेलं आहे. म्हणजे १ जून १९४३ ला जन्मलेल्या आजोबांची वेळ ३१ मे १७:३०, त्यात आमचे साडेपाच मिळवले की ३१ मे रात्रीचे ११. तारीख चुकीचीच.

त्या दिवशी मला पटलं की हा प्रश्न साडेपाच की साडेसहा असा नाहीच. जन्मतारीख हा क्षण नसतो. ती नुसती तारीख असते, तिला वेळ नाही, झोन नाही. आणि आमच्याकडे तारखेसाठी जो टाईप (डेटाचा प्रकार) होता त्याला नुसती तारीख सांगताच येत नव्हती, त्यामुळे आम्ही प्रत्येक ठिकाणी तारखेला खोटी वेळ चिकटवत होतो आणि मग ती खोटी वेळ सांभाळत बसत होतो.

तर डेट-टाईमची लायब्ररी, म्हणजे तारीख-वेळेचं काम करणारा तयार कोड, कधी बदलायची याचं माझं उत्तर एवढंच आहे: तुमच्या कामाला ज्या गोष्टी म्हणायच्या आहेत त्या जुन्या टाईपला म्हणता येत नसतील तेव्हा. नवीन आली म्हणून नाही, कुणी कॉन्फरन्समध्ये बोललं म्हणून नाही, आणि जुनी आहे एवढ्यासाठी तर अजिबात नाही.

हे तपासायला सुरुवात डेटाबेसपासून करा. ज्या कॉलममध्ये खरं तर फक्त तारीख असायला हवी, जन्मतारीख, ड्यू डेट, पॉलिसी सुरू होण्याची तारीख, अशा प्रत्येक कॉलमवर एक साधी क्वेरी चालवा की वेळेचा भाग १८:३०:०० असलेल्या ओळी किती. शून्य आल्या तर छान. हजारो आल्या तर तुमच्याकडे आमचीच गोष्ट चालू आहे, फक्त सपोर्टच्या मॅडम अजून डेस्कपाशी आलेल्या नाहीत. आणि त्याच कॉलममध्ये काही ओळी ००:००:०० आणि काही १८:३०:०० असतील तर ते सगळ्यात वाईट, कारण याचा अर्थ दोन वेगवेगळ्या कोडच्या वाटांनी डेटा येतोय आणि कुठली बरोबर हे आता ओळ बघून कळणार नाही.

दुसरी जागा म्हणजे तुमच्या कोडमधली युटिल फाईल. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये डेटयुटिल नावाचं काहीतरी असतंच. ती उघडा आणि वाचा. त्यात दिवसाची सुरुवात काढणारं एक फंक्शन असेल तर ठीक, पण तेच काम करणारी तीन असतील, एकात झोन पास होतोय, एकात होत नाही, एकात ५ गुणिले ६० अधिक ३० असा आकडा लिहिलाय, तर समजा की टीम स्वतःच एक लायब्ररी लिहायला लागली आहे आणि ती टेस्ट न केलेली लायब्ररी आहे.

तिसरी गोष्ट महिन्यांची. कर्ज, भाडं, एसआयपी, सबस्क्रिप्शन, जिथे दर महिन्याला काहीतरी होतं तिथे ३१ जानेवारीत एक महिना मिळवून बघा. जावास्क्रिप्टच्या डेटमध्ये महिना एकने वाढवला की ३१ फेब्रुवारी नसल्यामुळे ते पुढे घरंगळून २ किंवा ३ मार्चला जातं, म्हणजे फेब्रुवारीचा हप्ताच गायब. जावामध्ये लोकलडेट वापरली तर २८ किंवा २९ फेब्रुवारी मिळते. पण इथे एक खड्डा आहे तो नव्या लायब्ररीतही आहे: आलेल्या उत्तरात परत एक महिना मिळवला तर २८ मार्च येतो, ३१ नाही, आणि तो ग्राहक पुढे कायमचा २८ तारखेला अडकतो. म्हणून नेहमी मूळ तारखेत एक महिना, दोन महिने, तीन महिने असं मिळवायचं. हे लायब्ररी सांगत नाही, हे आपल्यालाच माहीत असायला लागतं.

मग बाहेरची माणसं. तुमचे सगळे युजर भारतात आणि सर्व्हरही आयएसटीवर (भारतीय वेळेवर) असेल तर बरेच बग वर्षानुवर्षं झोपून राहतात. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही त्यामुळे आपल्याला ती सवयच नाही. पण लंडनचा क्लायंट आला की त्यांच्या दुपारी १ ची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे साडेसहाला आणि उन्हाळ्यात साडेपाचला, न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ची हिवाळ्यात साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा, आणि वर मार्चमध्ये अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते आणि युरोप शेवटच्या रविवारी, त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांचीच गणितं हलतात. असं शेड्यूलिंग तुम्हाला करायचं असेल तर पुढच्या मीटिंगची वेळ यूटीसीत साठवून चालत नाही, तिथली भिंतीवरच्या घड्याळाची वेळ आणि झोनचं नाव दोन्ही साठवावं लागतं, कारण देश नियम बदलतात आणि कधी कधी अगदी ऐनवेळी बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, इजिप्तने २०२३ मध्ये परत आणली. ज्या लायब्ररीत झोन ही पहिल्या दर्जाची गोष्ट नाही तिच्यात हे करायला जाऊ नका.

सर्व्हरबद्दल एक सांगते, कारण नवीन मुलं इथे हमखास फसतात. क्लाऊडचा रीजन मुंबई निवडला म्हणून मशीनचं घड्याळ मुंबईचं होत नाही, ते बहुतेक वेळा यूटीसीच असतं. मग लॅपटॉपवर सगळं बरोबर चालतं आणि प्रॉडक्शनला रात्री १२ ची क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पहाटे साडेपाचला धावते, आणि दिवसाच्या रिपोर्टमध्ये रात्री १२ ते साडेपाचचे व्यवहार आदल्या दिवसात जाऊन बसतात. मध्यरात्रीनंतर सुटणारी शेवटची लोकल आपण आजची शेवटची गाडी म्हणतो पण तारीख बदललेली असते, तसंच आहे हे, फक्त लोकलमध्ये माणसाला कळतं आणि कोडला कुणीतरी सांगावं लागतं. व्यवसायाचा दिवस कुठे संपतो हे कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं, मशीनच्या सेटिंगवर सोडलेलं नको.

कधी बदलू नये तेही सांगते. तारखा फक्त लॉगमध्ये लिहिल्या जात असतील आणि त्यावर काही हिशोब नसेल तर हात लावू नका. ती सर्व्हिस सहा महिन्यांत बंद होणार असेल तर नका. फायनान्सचं प्रॉडक्ट असेल तर मार्च एंडच्या आधीच्या आठवड्यांत तर मुळीच नका, ३१ मार्चला व्याज मोजताना कुठल्या कोडने मोजलं हा वाद कुणालाच नको असतो. आणि भाषेचं व्हर्जनच खूप जुनं असेल तर आधी ते वाढवा, बऱ्याचदा चांगली लायब्ररी त्याच्यासोबत फुकटच मिळते.

म्हणजे कुठली घ्यायची हा प्रश्न तसा सोपा आहे: भाषेत आत जे आलंय ते आधी बघा. जावामध्ये जुना डेट आणि कॅलेंडर होता, त्याला कंटाळून स्टीफन कोलबर्न यांनी जोडा-टाईम बनवली, आणि तिच्या अनुभवातून शिकून जावा ८ मध्ये, २०१४ साली, जावा डॉट टाईम आलं, त्यातही तेच पुढे होते. आज जोडा-टाईमच्या स्वतःच्या पानावरच लिहिलंय की जावा ८ किंवा पुढे असाल तर तिकडे जा. जुन्या सिंपलडेटफॉरमॅटचा एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वापरत असतील तर मात्र हा विचार करायला वेळ घेऊ नका, तो थ्रेडसेफ नाही, लोड वाढला की एका ग्राहकाची तारीख दुसऱ्याच्या पावतीवर येऊ शकते आणि तुमच्या मशीनवर हे शंभर वेळा चालवूनही दिसणार नाही.

पायथॉनमध्ये ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, झोन सांभाळणारं झोनइन्फो आत आहे. त्याआधीच्या पायटीझेड या लायब्ररीत एक खास आपल्यासाठीचा सापळा आहे. डेटटाईम बनवतानाच त्यात एशिया/कोलकाता हा झोन टाकला, लोकलाइझ फंक्शन न वापरता, तर ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) +५:३० येत नाही, +५:५३ येतो! ती कोलकात्याची एकोणिसाव्या शतकातली स्थानिक वेळ आहे. सकाळी १० ची अपॉइंटमेंट ९:३७ ला होऊन बसते. लॉगमध्ये कुठेही २३ मिनिटांचा फरक दिसला की दुसरं काही न शोधता आधी हेच बघा. मुंबईची तर स्वतःची वेगळी वेळ होती, आयएसटीच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९०६ नंतरही शहरात बरीच वर्षं टिकून होती, पण डेटाबेसमध्ये एशिया/मुंबई असा झोन नाही, शोधू नका, सगळ्या भारताला एशिया/कोलकाता. आणि काही ब्राऊझर अजूनही जुनं नाव एशिया/कलकत्ता परत देतात, त्यामुळे झोनची नावं स्ट्रिंग म्हणून ताडून बघणारा कोड असेल तर तो काढा. पायथॉनचं यूटीसीनाऊसुद्धा ३.१२ मध्ये डेप्रिकेट (यापुढे वापरू नका असं जाहीर) झालंय, कारण ते यूटीसीची वेळ देतं पण ती यूटीसी आहे हे त्या ऑब्जेक्टवर लिहीत नाही.

जावास्क्रिप्टचा डेट १९९५ मध्ये जावाच्या जुन्या डेटवरून उचलला होता, महिना शून्यापासून मोजायची सवय तिथूनच आली. जावाने पुढच्या एक-दोन वर्षांतच त्यातले बरेचसे मेथड डेप्रिकेट केले, जावास्क्रिप्टला ते तसेच सांभाळावे लागले. मोमेंट ही लायब्ररी खूप वर्षं सगळ्यांची सोबत होती पण २०२० मध्ये तिच्याच टीमने सांगितलं की नवीन प्रोजेक्टला वापरू नका. तिचा सगळ्यात त्रासदायक स्वभाव म्हणजे ॲड केलं की मूळ ऑब्जेक्टच बदलतो, सुरुवातीची तारीख घेऊन शेवटची काढायला गेलात की सुरुवातही पुढे सरकलेली. त्या जागी लक्सन, डेट-एफएनएस, डेजेएस आहेत, आणि आता भाषेतच टेम्पोरल येतंय, फायरफॉक्समध्ये २०२५ मध्ये आलं. त्यात नुसती तारीख, नुसती वेळ, क्षण, झोनसकट वेळ असे वेगवेगळे टाईप आहेत. तुमच्या युजरच्या ब्राऊझरमध्ये ते आहे का ते बघा, नसेल तर पॉलीफिल (ती उणीव भरून काढणारा कोड) घालता येतं, पण साध्या डेटपिकरसाठी तेवढं वजन उचलायचं का ते मात्र मोजून ठरवा.

अजून एक टेस्ट जरूर करा. लॅपटॉपचा टाईमझोन न्यूयॉर्क करा आणि तुमचा फॉर्म भरा. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष-महिना-दिवस एवढीच स्ट्रिंग डेटला दिली तर तो ती यूटीसी समजतो, इथे पहाटे साडेपाच वाजतात, तारीख तीच राहते, आपल्याला बग दिसतच नाही. पण मुलगी न्यू जर्सीला असते, आईबाबांचा फॉर्म ती तिथून भरते, तिच्या स्क्रीनवर बाबांचा वाढदिवस एक दिवस आधीचा दिसतो. ती तो दुरुस्त करते. मग इथे तो चुकतो. हे आमच्याकडे झालेलं आहे.

ठरलं की बदलायचंच, तर सगळं एकदम बदलू नका. आधी कडा धरा. डेटा आत येतो ती जागा, बाहेर जातो ती जागा, डेटाबेसची जागा. तिथे जुन्याचं नवीन करायचं आणि आत फक्त नवीनच फिरू द्यायचं. नवीन फीचर नवीन टाईपमध्येच लिहायचं आणि जुनं मोड्यूल जेव्हा कुठल्याही कारणाने उघडाल तेव्हा ते बदलायचं. जावामध्ये या कडांवर दोन ठिकाणी ठेच लागते ती आधीच सांगते. जेडीबीसीकडून (जावाच्या डेटाबेस-जोडणीकडून) आलेल्या एसक्यूएल डेटवर टूइन्स्टंट मारलं तर ते एक्सेप्शन फेकतं, आणि ते बरोबरच आहे कारण नुसत्या तारखेला क्षण नसतो, तिथे टूलोकलडेट वापरायचं. आणि जेसन बनवणाऱ्या जॅक्सन लायब्ररीच्या २.x आवृत्त्यांना वेगळं मोड्यूल द्यावं लागतं, ते दिलं तरी सेटिंग बदललं नाही तर १ जून १९६२ ही तारीख १९६२, ६, १ अशी आकड्यांची ॲरे होऊन बाहेर जाते. बॅकएंडच्या टेस्ट हिरव्या राहतात आणि मोबाईल ॲप पडतं. म्हणून एपीआयच्या (ॲपला डेटा देणाऱ्या वाटेच्या) बाहेर जाणारी खरीखुरी स्ट्रिंग तपासणारी एक टेस्ट पहिल्याच पीआरमध्ये (कोडबदलाच्या प्रस्तावात) हवी.

टेस्टसाठी घड्याळ बाहेरून द्या. कोडमध्ये जागोजागी आत्ताची वेळ विचारत असाल तर ३१ मार्चची रात्र तुम्हाला ३१ मार्चलाच टेस्ट करता येईल. जावामध्ये क्लॉक नावाचा टाईप यासाठीच आहे. मी ज्या तारखा नेहमी टाकते त्या अशा: २९ फेब्रुवारी २०२४, ३१ जानेवारी, ३१ मार्च रात्री ११:५९ आणि त्यानंतरची दोन मिनिटं, १ जून १९४३, आणि ३० डिसेंबर २०२४. ही शेवटची का, तर फॉरमॅटमध्ये वर्षासाठी मोठा वाय लिहिला गेला की ते आठवड्याचं वर्ष धरतं आणि ३० डिसेंबर २०२४ हा २०२५ छापला जातो. जावाच्या नव्या लायब्ररीतही हे तसंच आहे, छोटा वायच लिहायचा.

पुढे एक-दोन आठवडे जुना आणि नवा हिशोब दोन्ही चालू ठेवा, उत्तर जुन्याचंच द्या, आणि जिथे फरक पडेल तिथे लॉग करा. आमच्याकडे जे फरक आले त्यातले बरेचसे नव्या कोडचे नव्हते, जुना कोड आधीपासूनच चुकत होता आणि कुणाला माहीत नव्हतं. प्रत्येक फरकावर बिझनेसच्या माणसाला विचारून बरोबर काय ते लिहून घ्या, आपण अंदाजाने ठरवायचं नाही.

जुना डेटा सगळ्यात शेवटी. १८:३० किंवा १७:३० च्या ओळींना साडेपाच तास मिळवू नका, त्या क्षणाला एशिया/कोलकाता झोनमध्ये नेऊन तारीख काढा, म्हणजे १९४३ वाले आजोबाही आपोआप बरोबर येतात. ज्या ओळींची वेळ आधीच कापून टाकलेली आहे त्या कोडने ठरवता येत नाहीत, त्यांची यादी काढून कागदपत्रांशी ताडावी लागते, आम्ही पॅनवरची तारीख प्रमाण धरली आणि सपोर्टच्या मॅडमनी आणि मी मिळून ती एकेक बघितली, चार दिवस लागले. दुरुस्त तारीख नव्या कॉलममध्ये लिहा, तोही फक्त तारीख टाईपचा, आणि जुना कॉलम लगेच काढू नका, एक मार्च एंड त्याच्यासकट पार पडू दे, मग ड्रॉप करा.